पावणीचा वाटा

परदेशी विद्यार्थ्यांना ठेवायला घरं निवडताना आमच्या कॉलेजातल्या सरांनी फक्त एक गोष्ट पाहिली, घरात कमोड आहे की नाही. समुद्रालगतच्या आमच्या वाडीत तशी सात घरं निघाली, म्हणून विद्यार्थीही सातच आले. आमच्याकडचा कमोड बाबांचा पाय मोडला त्या वर्षी बसवलेला. पाय बरा झाल्यावर बाबा पुन्हा जुन्या संडासात जाऊ लागले आणि हा नुसताच चकचकीत राहिला. त्या कमोडच्या कृपेने आमच्याकडे पाहुणी आली. ती तीन आठवडे राहिली. त्यातल्या पहिल्या सहा दिवसांत मी जितकी वाईट वागले तितकी त्याआधी कधी वागले नव्हते.

आधी माझं सांगते. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. केरळातल्या एका कॉलेजात समुद्री जीवांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, त्याच्या निवड यादीत माझं नाव लागलं होतं. जायचं जुलैत, पण येणार की नाही ते डिसेंबर संपायच्या आत कळवायचं होतं, आणि कागदावर वडिलांची सही हवी होती. बाबा सही करत नव्हते. ओरडले नाहीत, शिकू नको असंही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "थंय आपला कोण आसा? मुंबयक मावशी आसा. तिच्याकडे रवान काय शिकूचा तां शिक." मी समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईने घावणे केले आणि मी जेवले, तिथेच हरले. पुढे विषय काढला की बाबा उठून पडवीत फाटकं जाळं सांधायला बसत.

आणि त्याच आठवड्यात जगाच्या दुसऱ्या टोकाची एक मुलगी एकटी आमच्या दारात उतरली.

ती माझ्याच वयाची. तिच्या देशाला समुद्रच नाही, म्हणून किनाऱ्यावरची माणसं कशी जगतात ते शिकायला आलेली. पाठीवर तिच्याच एवढी पिशवी, उन्हाने नाक लाल. सरांनी ओळख करून दिली, तिने हात जोडले आणि पाठ केलेलं "नमस्कार" म्हटलं. घरात इंग्रजी फक्त मला येत असल्यामुळे दुभाषी मीच. बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकटां इलां गो ह्यां चेडू, सात समुद्र ओलांडून. काळीज बघ केवढां. सांग तिका."

जो माणूस आपल्या चेडवाला, म्हणजे पोटच्या मुलीला, गाडीने एक दिवसाच्या अंतरावर पाठवायला तयार नव्हता, त्याचं हे कौतुक मी स्वतःच्या तोंडाने तिला सांगायचं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला म्हटलं, "बाबा म्हणतात, उन्हात टोपी घालत जा." ती हसली आणि तिने लगेच पिशवीतून टोपी काढून डोक्यावर घातली. बाबांना वाटलं, कौतुकाने लाजली. तेही हसले.

खोली माझी होती, ती तिला दिली. खिडकीतून माड आणि त्यांच्या पलीकडे पाणी दिसतं ती. मी आईजवळ स्वयंपाकघरात निजायला गेले. याचं मला फार काही वाटलं नाही, पाहुण्याला बरी जागा द्यावी हे मलाही कळतं. वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबा बाजारातून आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि हाक मारली, "बाय, हंय ये." मी भांडी टाकून गेले. तर ते तिला बोलवत होते. शहाळं आणलं होतं तिच्यासाठी.

आमच्याकडे पोरीबाळींना बाय म्हणतातच, त्यात विशेष नाही. पण आमच्या घरात बाय एकच होती. मला भावंडं नाहीत. एकोणीस वर्षं ती हाक माझ्या एकटीची होती, आणि ती वाटून घ्यायची सवय मला कुणी लावली नव्हती. बाबांनी मला तिथे उभी पाहिलं आणि म्हणाले, "तिका विचार, ह्यां पिऊक येता काय?" मी विचारलं. तिला येत नव्हतं. मग बाबांनी शहाळ्याला भोक पाडून दिलं, वर ओढायची नळी मागवली, आणि ती पिईपर्यंत समोर बसून राहिले. मला शहाळं देताना बाबा कोयता देतात.

आईचंही तेच. खापरोळ्या म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवायच्या जाड, जाळीदार आंबोळ्या. त्या आमच्याकडे वर्षातून दोनदा होत, एकदा माझ्या वाढदिवसाला आणि एकदा निकाल लागला की. पाहुणी आल्याच्या तिसऱ्या दिवशी खापरोळ्या झाल्या. मी म्हटलं, "आज कसलो निकाल?" आई म्हणाली, "गप बस आणि तिका विचार, गोड पुरे काय." ती आईच्या चुलीपाशी बसून वहीत शब्द लिहून घेत होती. पाण्याला काय, मिठाला काय, कुठे म्हणजे काय. आई एकेक शब्द तीनतीनदा सांगत होती, लहान पोराला सांगावं तसं. मी शेजारच्या काकूंना म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी हिला कोणी विचारणार नाही. काकू म्हणाल्या, "गो, आमच्याकडचो तर साडेसहा फुटी आसा, रोज चौकटीक डोक्यां आपटून घेता, तरी तुझो काको त्येका मोटरसायकलवरून फिरवता." म्हणजे रोग सगळ्या वाडीला लागलेला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी सरांनी सातही जणांना रापण दाखवायला किनाऱ्यावर आणलं. रापण म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत जातात आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून तीसचाळीस माणसं ते वाळूवर खेचतात. नियम जुना आहे, दोरीला हात लागला की वाटा लागला. जाता जाता कुणी वाटसरूने हात लावला तरी त्याला मूठभर मासळी द्यायची, रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. आमच्या वाडीत बायका मात्र दोरी धरत नसत. कुणी मनाई केली होती असं नाही, पण बायकांचं काम टोपल्यांचं. पुरुषांनी खेचायचं, आम्ही मासळी निवडायची, टोपल्या भरायच्या, डोक्यावर घेऊन वर चढायचं. मी आठ वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी टोपल्या वाहत आले आहे.

बाकीचे सहाजण फोटो काढत उभे राहिले. हिने चपला काढल्या, सरळ गेली आणि बाबांच्या मागे दोरी धरली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "ओढूंदे रे, पावणी आसा." बाबांनी मान वळवून पाय कसे रोवायचे ते तिला दाखवलं. जोर लावताना पुरुष ज्या तालात ओरडतात त्या तालात तीही ओरडायला लागली. हसत होते सगळे. मी वर टोपल्यांपाशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेची गोष्ट आहे, पण आलं.

बांगडा चांगला लागला होता. वाटे घालायची आमची एक रीत आहे. वाळूवर मासळीचे ढीग करायचे. एकाने ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. दुसरा काठीने एकेका ढिगाला टेकवत विचारतो, "ह्यो कोणाचो?" पाठमोरा माणूस नाव सांगतो. मोठा ढीग कुणाचा, लहान कुणाचा, त्याला दिसत नाही, म्हणून भांडण होत नाही. त्या दिवशीही तसंच झालं. देवळाचो, होडयेचो, होडीचा मुख्य तो तांडेल, त्याचो, मग एकेकाचं नाव. शेवटी पाठमोऱ्या माणसाने म्हटलं, "पावणीचो." काठीवाल्याने ढीग दाखवला. साधारण वीस बांगडे असतील. ती पुढे झाली, ढिगाकडे बघितलं, मग मागे वळून माझ्याकडे. मी टोपली कमरेवर घेऊन उभी. आणि आईने शिकवलेले शब्द जोडून ती बाबांना सगळ्यांसमोर म्हणाली, "हिचो वाटो खंय?"

माणसं मोठ्याने हसली. तिच्या तोंडी मालवणी ऐकून हसली, प्रश्नाला नव्हे. बाबाही हसले. म्हणाले, "तिचो माझ्यात."

तिला कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. टोपली उचलली आणि चालायला लागले.

मला बाबांचा राग यायला हवा होता. केरळला का जायचं नाही, त्याचं उत्तर त्या दोन शब्दांत होतं. माझं जे काही होतं ते सगळं त्यांच्यात होतं, वेगळं काढलेलं काहीच नव्हतं. पण राग आला तो तिचा. अकरा वर्षं मी त्या वाळूवर टोपल्या वाहिल्या आणि हा प्रश्न कधी माझ्या तोंडून निघाला नाही. ही चार दिवसांपूर्वी आली, तिला दोरी मिळाली, वाटा मिळाला, आणि माझा प्रश्नसुद्धा तिनेच विचारून टाकला. वाटेत ती धावत माझ्यामागे आली. "मी काही चुकीचं बोलले का?" मी म्हटलं, "माझ्या भानगडीत पडू नको." इंग्रजीत ते जितकं वाईट म्हणता येईल तितकं वाईट म्हटलं.

पाचव्या दिवशी मी जे केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगते. आईने मोरीचं कालवण केलं होतं. मोरी म्हणजे लहान शार्क, तिचं कालवण आमच्याकडे जाळ तिखट करतात, बाबांना तसंच लागतं. पाहुणीसाठी आईने बिनतिखटाची सोलकढी आणि तळलेला मासा वेगळा काढला होता. तिने कालवणाच्या भांड्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे फार तिखट आहे का?" आई आत होती. मी म्हटलं, "नाही, थोडंसंच."

तिने वाटीभर घेतलं. पहिल्या घासाला डोळे भरले, पण पाहुणी ती, टाकायचं कसं? वाटी संपवली. नाक पुसत, बाहेर आलेल्या आईला म्हणाली, "बरां आसा." बाबा खूश. "बघ कशी खाता. आपल्यातलीच दिसता." मला वाटलं होतं, ती घास थुंकेल, बाबा हसतील, माझं समाधान होईल. झालं उलटंच, बाबांच्या नजरेत ती आणखी एक पायरी वर चढली. मी माझ्या हाताने चढवली.

सहाव्या दिवशी ती उठलीच नाही. पहाटेपासून चार वेळा जाऊन आली होती. आईने मीठसाखरेचं पाणी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काल तिका कालवण कोणी दिल्यान?" मी पेला घेऊन खोलीत गेले. ती माझ्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडली होती, चेहरा भातासारखा पांढरा. मी पेला पुढे केला. मी खोटं बोलले हे तिला कळलं असणार, पण तिने तो विषय काढला नाही. पाणी पिऊन म्हणाली, "तुझे बाबा सकाळपासून तीनदा दारात येऊन गेले. काहीतरी विचारत होते."

मी म्हटलं, "बरं वाटतंय का, असं विचारत असतील."

ती म्हणाली, "माझ्या बाबांना मी भारतात आले आहे एवढं माहीत आहे. विमानतळावर मी बसने गेले. पोचले म्हणून मेसेज केला, त्यावर त्यांनी अंगठा पाठवला." रिकामा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "तुझा हेवा वाटतो मला."

या घरात हेवा करायचा मक्ता माझा होता. ती माझ्या खाटेवर पडून, माझ्या आईने केलेलं पाणी पिऊन मलाच सांगत होती की तिला माझा हेवा वाटतो. मला दया यायला हवी होती आणि आलीही, पण थोडी, आणि तीही रागाच्या मागून. मी म्हटलं, "झोप आता," आणि पेला घेऊन बाहेर आले.

किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली होती. मी टोपली घेऊन गेले ती वाळूवर ठेवली आणि दोरी धरली. विचार करून धरली असं नाही. एवढंच डोक्यात होतं की प्रश्न तिने विचारला तो विचारला, निदान दोरी तरी मी माझी ओढावी. ती आज नाही, तेव्हा तिच्या मागे लपल्यासारखंही होणार नाही. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने मागे बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "गो, टोपल्यो कोण भरतला?" मी म्हटलं, "ज्येका खाऊचे आसत तो भरतलो." दोरी ओली होती, खाऱ्या पाण्याने फुगलेली. पंधरा मिनिटांत तळहात सोलवटले. बाबा दुसऱ्या दोरीवर होते, पन्नासएक पावलांवर. त्यांनी मला पाहिलं. बराच वेळ ओढत होते आणि बघत होते.

त्या दिवशी पाठमोरं उभं राहायची पाळी बाबांची होती.

बांगडे थोडे होते, तारलेच जास्त. ढीग घातले गेले. बाबा समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. काठीवाला विचारत गेला, बाबा सांगत गेले. देवळाचो. होडयेचो. जाळ्याचो. एकेकाचं नाव, स्वतःचंही. एक ढीग उरला. मी ढिगापासून दोन हातांवर उभी होते.

"ह्यो कोणाचो?"

बाबा म्हणाले, "पावणीचो."

कोणी हसलं नाही. काठीवाला म्हणाला, "पावणी इलीच खंय आज?"

बाबांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं, एवढं मला कळलं. सकाळपासून डोक्यात ती होती, तिचंच नाव तोंडात आलं. पण मुद्दाम म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. सोललेल्या हातांची तेव्हा पहिल्यांदा आग झाली. बाबा वळले नाहीत. त्यांची पाठ मला दिसत होती, सदऱ्यावर मीठ वाळलेलं. लाट आली, गेली, पुन्हा आली. काठीवाल्याने काठी ढिगावर तशीच टेकवून ठेवली होती. त्याने परत विचारलं, या वेळी हळू. "ह्यो कोणाचो, सांग मां."

"माझ्या चेडवाचो," बाबा म्हणाले.

मी ढीग टोपलीत भरला. माझ्याच्याने घाई होत नव्हती. तारले मोजावे तसे एकेक उचलत होते. घरी जाताना बाबा पुढे आणि मी मागे. माडांमधून जाणारी ती वाट अरुंद आहे, दोघं शेजारी चालू शकत नाहीत. निम्म्या वाटेवर त्यांनी मागे न बघता विचारलं, "थंय समुद्र आसा काय?"

"आसा."

"रवाक जागा?"

"कॉलेजाचा वसतिगृह आसा. पयलो म्हयनो जागा नाय, तोवर गावातल्या एका घरात ठेवतत."

ते काही पावलं चालले. मग म्हणाले, "मगे जा. कागद घेवन ये, सही करतंय."

मी इतके दिवस ज्यासाठी रडले, उपाशी राहिले, ते असं चालता चालता मिळालं. मी हो म्हटलं की नाही आठवत नाही. फार आनंद झाला होता हे आठवतं, आणि तो आनंद घरच्या दारापर्यंत टिकला. कारण दारात पाय ठेवताच बाबांनी माझा कागद मागितला नाही. पाय न धुताच आईला विचारलं, "पावणीन काय खाल्ल्यान?"

"काय नाय. पेज करतंय."

"ऊन ऊन दी. आणि तिच्याकडे कोण तरी बसा," बाबा म्हणाले. पडवीच्या खांबाला टेकून खाली बसले, मागे मोडलेला पाय लांब केला. मग आवाज उतरवून म्हणाले, "कोणाचा चेडू गो. तिचो बापूस थंय जीव मुठीत धरून बसलो आसतलो. आपण हिका बरी सांबाळली तर आपल्या चेडवाक थंय कोण तरी सांबाळीत."

तिच्या बापाने नुसता अंगठा पाठवला होता, हे मला माहीत होतं. जीव मुठीत धरून बसलेला बाप जगात त्या घटकेला एकच होता, आणि तो आमच्या पडवीत होता. शहाळं, खापरोळ्या, तीनतीनदा दारात येऊन जाणं, सगळी माझी काळजी, आणि सगळी तिच्यावर खर्च झालेली. मला हे कळलं तेव्हा मी शांत व्हायला हवं होतं. झाले नाही. जे माझं होतं ते माझ्यादेखत दुसरीला मिळालं, याची जळजळ आणखीच वाढली.

आईने पेजेची वाटी भरली आणि बाबा उठायला लागले. मी पुढे होऊन ती आईच्या हातातून घेतली आणि खोलीत गेले. चांगुलपणाने नव्हे. बाबांनी ती तिला नेऊन दिलेली मला बघवली नसती.